जागलीवरच्या माणसाला शिकारीला धाडू नका

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा होती. परीक्षक म्हणून मला बोलावले होते. विषय होता : 'संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेने दहशतवादाविरुद्ध लढले पाहिजे'. बाजूने बोलणाऱ्या मुलीने रवांडा सांगितला, स्रेब्रेनित्सा सांगितले आणि हातात बंदूक असून मुडदे मोजत बसणाऱ्या सैन्याचा उपयोग काय, असा सवाल केला. विरोधातल्या मुलाने तिकडची भांडणे तिकडच्यांनी मिटवावीत, आपली पोरे परक्या मुलखात का मारायची, असे विचारले. टाळ्या दोघांनाही भरपूर पडल्या. घरी येताना मात्र माझ्या मनातून जाईना की ज्या गावाच्या वेशीवर शांतिसेनेचा तो निळ्या शिरस्त्राणाचा सैनिक उभा असतो, त्या गावातले एकही माणूस या तासाभराच्या चर्चेत आले नाही. मुलांना दोष कसा द्यायचा? वाहिन्यांवरचे निवृत्त अधिकारी आणि वर्तमानपत्रांतले स्तंभलेखकही असेच बोलतात. एकाला शांतिसेना मर्द करायची असते, दुसऱ्याला ती घरी बोलवायची असते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शांतिसेनेच्या गळ्यात दहशतवादविरोधी मोहीम बांधू नये आणि ती मोहीम करत नाही म्हणून तिला निकामी ठरवून गुंडाळूही नये. आपल्याकडे ज्वारी हुरड्यात आली की शेतात जागल असते. माळ्यावर बसलेला माणूस रात्रभर कंदील पेटता ठेवतो, हाकारे देतो. तो कुठे बसला आहे हे सगळ्या शिवाराला माहीत असते आणि माहीत असण्यातच राखण असते. शिकारी दबा धरून बसतो, उजेड विझवतो. ही दोन कामे एकाच माणसाला एकाच रात्री सांगितली तर शिकार होईल न होईल, रान मात्र उघडे पडते.

हे सैन्य जन्माला आले तेव्हा त्याचे काम सोपे होते. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये आणि १९४९ मध्ये आपल्याच काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर निरीक्षक आले. १९५६ च्या सुएझ पेचानंतर पहिली सशस्त्र तुकडी उभी राहिली आणि तिच्यात भारतीय जवान होते. दोन देशांची सैन्ये लढून थांबलेली, मध्ये एक पट्टा आणि त्या पट्ट्यात हे उभे. दोन्ही बाजूंची संमती, कोणाचीही बाजू न घेणे आणि स्वसंरक्षण किंवा नेमून दिलेले काम राखणे एवढ्यापुरताच बळाचा वापर, ही तीन तत्त्वे त्या काळाची. शीतयुद्ध संपल्यावर भांडणे देशांच्या आत शिरली. रेषा राहिली नाही, गणवेश राहिला नाही. समोर कधी टोळी, कधी फुटीर सैन्य, तर कधी अल् कायदाचे नाव लावणारी संघटना. मग एका बाजूने तह करायला कोणी तयार नाही, तिथे शांती राखायची कशाची?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला. आमच्याकडे ढिगारे उपसणे चालू असताना तीनच दिवसांनी सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत, अमेरिकेचे १८ सैनिक मारले गेले. त्या बातमीकडे इथे कोणाचे लक्ष असणार? पण जगाने तिचा मोठा धसका घेतला. पुढच्याच वर्षी जानेवारीत रवांडातल्या शांतिसेनेचे प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी शस्त्रांचे लपवलेले साठे जप्त करण्याची तयारी कळवली, तेव्हा मुख्यालयाने हात आखडता घेतला. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि सुरक्षा परिषदेने सैन्य वाढवण्याऐवजी ते २७० वर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे गेली. १९९५ च्या जुलैत बोस्नियातले स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर असताना, डच तुकडी तिथे असताना, आठ हजारांच्या आसपास बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुसलमान, पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणारा आणि मरणारा यांच्यात तटस्थ राहणे याला तटस्थता म्हणायचे का? त्या मुलीचा हा प्रश्न मला आजही बरोबर वाटतो.

पण या दोन घटनांतून तिने काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. रवांडात कमी काय पडले? कोणाला रानोमाळ शोधून मारायची तिथे गरज नव्हती. चर्चमध्ये, शाळेत, इस्पितळात आसऱ्याला गेलेल्या माणसांच्या दारात उभे राहायला सैनिक हवे होते. डॅलेर यांच्याकडे उरलेल्या मूठभर लोकांनी किगालीच्या अमाहोरो स्टेडियममध्ये हजारो जीव राखले ते असेच उभे राहून. या दोन कत्तलींनंतर शांतिसेनेच्या अधिकारपत्रात मोठा बदल झाला. नागरिकांचे रक्षण करण्यासाठी बळ वापरण्याची मुभा १९९९ मध्ये सिएरा लिओनच्या ठरावात पहिल्यांदा स्पष्ट आली. २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण सुदानमध्ये यादवी पेटली तेव्हा शांतिसेनेने आपल्या तळांची फाटके उघडली आणि पुढे त्या कुंपणांच्या आत दोन लाखांहून अधिक माणसे राहिली. अकोबोच्या तळावर आसऱ्याला आलेल्यांना मारण्यासाठी जमाव घुसला, तेव्हा दोन भारतीय जवान कामी आले. ज्यांना शांतिसेना शोभेची वाटते त्यांनी ही दोन नावे शोधून वाचावीत. बळ वापरायचे की नाही, हा वाद त्यामुळे केव्हाच मिटला आहे. आज वाद आहे तो बळ कोणासाठी आणि कुठे उभे राहून वापरायचे याचा.

शिकारीचा प्रयोग झाला मालीत. २०१३ च्या जानेवारीत फ्रेंच सैन्य उतरले, उत्तरेतली शहरे त्यांनी सोडवली आणि जुलैपासून संयुक्त राष्ट्रांची मोहीम सुरू झाली. कागदावर कामे वेगळी होती : फ्रेंचांनी जिहादी गट शोधायचे, शांतिसेनेने शहरे आणि शांतता करार सांभाळायचा. पण त्याच वाळवंटात, त्याच धावपट्टीवर, तसल्याच चिलखती गाड्यांतून फिरणाऱ्या दोन सैन्यांत फरक कोणाला दिसणार? शांतिसेनेत गुप्तवार्तेची खास तुकडी आली, सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातल्या पाच देशांच्या दहशतवादविरोधी दलाला ती रसद पुरवू लागली. मग रस्त्यात पेरलेले सुरुंग तिच्याच ताफ्यांखाली फुटू लागले. तळाला पाणी, डिझेल आणि धान्य पोचवायचे म्हणजे रक्षणाला निम्मे सैन्य लावायचे आणि उरलेल्यांनी तळ राखायचा. मग गावात गस्त कोणी घालायची? दहा वर्षांत तीनशेहून अधिक शांतिसैनिक त्या मोहिमेत मृत्यू पावले. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या, होझे रामोस-होर्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने स्पष्ट लिहिले होते की दहशतवादविरोधी लष्करी कारवाया हे शांतिसेनेचे काम नाही. अहवाल स्वीकारला गेला आणि मालीत उलटेच घडत राहिले.

शेवट त्याहून वाईट झाला. मालीच्या राजधानीत, बामाकोत, लष्कराने सत्ता घेतली, फ्रेंचांना घालवले, रशियाच्या भाडोत्री सैनिकांचा वॅग्नर गट आणला. २०२२ च्या मार्चमध्ये मूरा गावात लष्कराने आणि त्या परक्या बंदूकधाऱ्यांनी किमान पाचशे माणसे मारली, असा अहवाल संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार विभागाने २०२३ च्या मे महिन्यात दिला. जूनमध्ये मालीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेत शांतिसेनेला तत्काळ चालते व्हायला सांगितले. महिनाअखेर ठराव झाला, वर्षअखेर तळ रिकामे. आता जे म्हणतात की हातपाय बांधलेली शांतिसेना गेली ते बरेच झाले, कडक सरकार आणि भाडोत्री बंदुका दहशतवाद निपटून काढतील, त्यांनी २०२५ च्या उत्तरार्धातले बामाको आठवावे. जिहाद्यांनी इंधनाचे टँकर अडवले आणि राजधानीत पेट्रोलसाठी रांगा लागल्या. शिकार साधली नाही आणि मूराबद्दल सांगणारे डोळेही गेले.

यावर कांगोचे उदाहरण हमखास पुढे येते आणि ते तगडे आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात एम-२३ या बंडखोरांनी गोमा शहर घेतले आणि शांतिसेना बघत राहिली. २०१३ च्या मार्चमध्ये परिषदेने टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावी यांची एक ब्रिगेड आक्रमणाचा अधिकार देऊन उभी केली. वर्षाच्या आत एम-२३ हरले. मग लढून जमते की! जमले, हे मान्यच. पण त्या विजयात तोफांइतकाच वाटा दुसऱ्या गोष्टीचा होता. एम-२३ च्या पाठीशी असलेल्या रवांडाची मदत अमेरिका, ब्रिटन, जर्मनी यांनी रोखली होती. आणि एम-२३ ही टेकड्यांवर ठाणी मांडून बसलेली फौज होती, तिला दाखवायला पत्ता होता. जंगलात विरघळून जाणाऱ्या एडीएफ या मूळच्या युगांडातल्या सशस्त्र गटापुढे तीच ब्रिगेड अडखळली. २०१७ च्या डिसेंबरात सेमुलिकीच्या तळावर टांझानियाचे जवान मोठ्या संख्येने मारले गेले. २०२५ च्या जानेवारीत एम-२३ ने गोमा पुन्हा घेतले. ब्रिगेडचा अधिकार कागदावर तसाच होता, रवांडावरचा दाब मात्र वेळेवर आला नाही.

सोमालियाचा मार्ग निराळा आहे. तिथे २००७ पासून आफ्रिकी संघाचे सैन्य अल् शबाब या जिहादी संघटनेशी उघड लढते आहे. २०११ मध्ये त्यांनी मोगादिशूतून शबाबला मागे रेटले, हे मोठे यश. ते सैन्य युद्धातला पक्ष आहे आणि तसे म्हणूनच उतरले आहे. ज्यांना लढाई करायची आहे त्यांनी ती लढाई म्हणून करावी, तिला वेगळे नाव, वेगळा झेंडा, वेगळा पैसा द्यावा. २०२३ मध्ये परिषदेने आफ्रिकी संघाच्या मोहिमांना संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून ७५ टक्क्यांपर्यंत खर्च देण्याची वाट उघडली, हे मला योग्य वाटते. पण त्या युद्धात आफ्रिकेची किती पोरे मेली, याचा चोख हिशेब जगाने मागितला नाही, तेही लक्षात असू द्यावे.

आणखी एक प्रश्न आहे. तो मराठवाड्याच्या माणसाला तरी सहज सुचायला हवा. दहशतवादी कोण, हे ठरवणार कोण? शांतिसेना यजमान सरकारच्या संमतीने जाते. १९४८ च्या ऑगस्टमध्ये निजामाने आपली तक्रार सुरक्षा परिषदेत नेली होती, १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर सुनावणीही झाली. घटकाभर समजा, परिषदेने निजामाच्या संमतीने इथे एक सैन्य पाठवले असते आणि त्याला आजच्यासारखे 'दहशतवाद्यांचा बीमोड' करायला सांगितले असते. त्याने कोणाला शोधले असते? लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवीच्या रझाकारांना? ते तर सरकारच्या मांडीवर बसलेले. शोध झाला असता तो सरहद्दीवरच्या शिबिरांचा, करोडगिरी नाके जाळणाऱ्यांचा, उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा उभा करणाऱ्यांचा. निजामाच्या दप्तरात ते सगळे दरोडेखोरच होते. ज्यांच्या नावाने आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, त्यांच्याकडे त्या सरकारच्या यादीतून पाहा. मी माली किंवा कांगोतल्या मारेकऱ्यांची बरोबरी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांशी करत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. परक्या सैनिकाला यादी देणारे सरकारच असते आणि ती यादी नेहमी खरी नसते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि तो इतिहास १७ सप्टेंबरला संपला नाही. पाच दिवसांच्या पोलीस ॲक्शनने रझाकारांचे राज्य गेले, जुलूम थांबला, ते व्हायलाच हवे होते. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र अनेक गावांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे सांगितले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना विहिरी ठाऊक होत्या, ते त्यांबद्दल बोलत नसत. विजय आणि राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकायला आम्हाला मालीला जायची गरज नाही. जिंकलेले सैन्य पुढे सरकले की मागच्या गावात रात्री कोण उभे राहते, यावर माणसांचे जगणे ठरते.

औसा तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी फौजेत होता. कांगोत गोम्याच्या बाजूला एक मुदत काढून आला. 'दगड आपल्यासारखाच काळा, सर,' म्हणाला, 'फक्त आपला जुना, त्यांचा परवाचा.' न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा २००२ मध्ये त्या शहरातून वाहिला होता, त्याच दगडांची कुंपणे घातलेली. काम काय असायचे, विचारले. 'लई साधं. बाजारच्या दिवशी आधी आमची गाडी निघायची, मागून बाया. पिवळे कॅन घेऊन पाण्याला जायल्या की वाटंला दोन-दोन जण उभं राहायचं. रात्री कुठं गोळीबार झाला की माणसं कुंपणापाशी येऊन बसायची, मग आम्ही मोठे दिवे लावायचो. दिसलं पाहिजे ना, आम्ही हाव मनून.' तळावरच्या दवाखान्यात आसपासची माणसे यायची. त्यांत रानात गेलेल्या एका पोराची आईही यायची, साखरेच्या दुखण्यावर गोळ्या न्यायला. 'आम्हाला म्हाईत होतं तिचा पोरगा तिकडं हाय. इचारलं नाही कधी. एकदा तीच दुभाषाला बोलली, उद्या खालच्या वाटंनं गाडी नेऊ नका.' दुसऱ्या दिवशी ते वरच्या वाटेने गेले. आता या सैनिकांना आदल्या आठवड्यात तिच्या पोराच्या मागावर धाडले असते, तर ती बाई दवाखान्यात आली असती का? ड्रोन आणि नोंदवह्या यांनी मिळणार नाही अशी खबर त्या गोळ्यांच्या पुडीमागून आली होती.

आता त्या मुलाचा मुद्दा, आपली पोरे का मारायची. हा सगळ्यात अवघड. भारताने आजवर पावणेतीन लाखांहून अधिक सैनिक पन्नासाच्या आसपास मोहिमांत पाठवले, १८० च्या आसपास परतले नाहीत. १९६१ मध्ये कांगोत कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया पडले, त्यांना परमवीर चक्र मिळाले. पहाटे पाचला लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेने भरतीसाठी पळणारी पोरे मी रोज पाहतो. त्यांच्यातला एखादा परक्या मातीत पडेल हा विचार मला हलका वाटत नाही. पण म्हणूनच तर हा फरक जपायला हवा. भारताने तो एकदा सोडला होता. १९८७ मध्ये श्रीलंकेत आपली तुकडी गेली तिचे नावच शांतिसेना होते. जुलैत करार झाला, ऑक्टोबरात तीच सेना जाफन्यात एलटीटीईशी युद्ध करत होती. १९९० मध्ये परत आली तेव्हा बाराशेच्या आसपास जवान गेले होते, तमिळ तिला वैरी मानत होते आणि कोलंबोलाही ती नकोशी झाली होती. याउलट १९५३ मध्ये कोरियात काय झाले पाहा. २२ हजारांहून अधिक युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. कैद्यांनी आपला एक अधिकारी आत ओढून ठेवला तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले, बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. बळ हाताशी असून ते कुठे वापरायचे नाही हे ठाऊक असणे, ही सैनिकाची कमजोरी समजायची का? २००० मध्ये सिएरा लिओनला कैलाहुनमध्ये अडकलेल्या आपल्या दोनशेवर जवानांना ऑपरेशन खुकरीत लढून बाहेर काढले, तेव्हा बळही वापरले गेलेच.

खरी गळचेपी होते ती अधिकारपत्र लिहिताना. मालीचे ठराव लिहिले फ्रान्सने, सोमालियाचे ब्रिटन लिहिते, दक्षिण सुदानचे अमेरिका. रणात उभे असतात नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत. ज्याचे सैनिक त्याला निर्णयात जागा, हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ४४ व्या कलमाचे सूत्र भारत वर्षानुवर्षे सांगतो आहे आणि ते बरोबर आहे. पैशाचीही तीच गत. सगळ्या शांतिसेनांचा वर्षाचा खर्च जगाच्या लष्करी खर्चाच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही, तरी मोठ्या देशांची वर्गणी थकते. २०२५ च्या ऑक्टोबरात त्यापायी नऊ मोहिमांतले चौथा हिस्सा सैनिक कमी करण्याचा निर्णय झाला. हैतीत तर निळी शिरस्त्राणे नाहीतच, आधी केनियाचे पोलीस आणि आता टोळ्या दडपण्यासाठी ५,५५० जणांचे वेगळे दल. राखणीचा पैसा आटतो आहे आणि शिकारीची दले वाढत आहेत, असा हा बदल आहे.

लेबनॉनमधली मोहीम १९७८ पासून आहे, तिचा कारभार ३१ डिसेंबर २०२६ ला संपवण्याचे ठरले आहे. आपले जवान तिथे १९९८ पासून आहेत. त्यांचे सामान बांधून होण्याआधी संसदेत एक दिवस तरी या विषयाला मिळावा. भारताचा सैनिक गाव राखायला जाईल, यादी घेऊन माणसे शोधायला जाणार नाही, हे सरकारने सभागृहात सांगावे आणि प्रत्येक नव्या मोहिमेत सैनिक पाठवण्याआधी तिचे अधिकारपत्र त्या कसोटीवर तपासावे. आपल्या भागातल्या खासदारांना मी तसे पत्र लिहिले आहे. त्या स्पर्धेतल्या मुलीला आणि मुलाला दोघांनाही ते वाचायला दिले. मुलाने सही केली, मुलगी म्हणाली, 'सर, रवांडाबद्दलची ओळ अजून नीट करा.' ती करतो आहे.